डाव्या नळीतलं काडतूस

प्रत्येकाला काही ना काही दुखणं असतंच. कुणाला गुडघ्याचं, कुणाला दाढेचं. मिस्त्रीला साडूचं होतं, आणि तेही चांगलं एकोणीस वर्षं मुरलेलं.

मिस्त्रीची बायको थोरली, साडूची बायको धाकटी. थोरलीला मिळाला बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, धाकटीला मिळाला पोलीस. तसं बघितलं तर बंदूक दोघांच्याही हातात. पण एकाच्या नखांत काळं तेल आणि दुसऱ्याच्या खांद्यावर चकचकीत पट्ट्या! सासूबाई एकाला 'जावईबापू' म्हणत आणि दुसऱ्याला नुसतं 'मिस्त्री'. जावईबापू आले की खुर्ची पदराने पुसली जायची. मिस्त्री आला की, "आलाच आहात तर ती खिडकीची कडी बघा हो जरा, दोन दिवस लागत नाहीये." एकोणीस वर्षांत त्या घरातल्या प्रत्येक कडीला, बिजागरीला आणि नळाला मिस्त्रीचा हात लागला होता. कौतुक मात्र जावईबापूंनी आणलेल्या भिंतीवरच्या घड्याळाचं. ते घड्याळसुद्धा बंद पडलं की मिस्त्रीच उघडून बसायचा.

बरं, साडू वाईट माणूस होता का? मुळीच नाही! तो वाईट असता तर मिस्त्रीला किती सोपं गेलं असतं. हसतमुख, बोलका, समोरच्याच्या पाठीवर थाप मारून बोलणारा. बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात ना, तशातला. मिस्त्रीच्या तोंडून दिवसाकाठी दहा वाक्यं निघाली तर बायको म्हणायची, "आज काय हो, भाषण?"

मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून लाकडी बाक, बाकाला जखडलेला लोखंडी पकडीचा वाईस, वर खिळ्यांना टांगलेले गज, ब्रश, चिंध्या. सरकारी परवाना काचेत लावलेला. शहरात परवान्याची बंदूक बाळगणारे जे काही मोजके लोक होते, बँकेचे रखवालदार, बागांचे मालक, एक-दोन हौशी, ते सगळे इथेच यायचे. आणि मिस्त्रीची एक पद्धत होती. दुरुस्त झालेली बंदूक तो कधी नुसती हातात देत नसे. "स्वतः चाप ओढून बघा," म्हणायचा. "माझ्या शब्दावर जाऊ नका."

पण रिकाम्या बंदुकीचा चाप ओढला तर आतली खीळ कशावर आपटत नाही आणि तुटायची भीती असते. म्हणून मिस्त्रीने स्वतःच्या हाताने दोन खोटी काडतुसं बनवली होती. वापरलेल्या काडतुसाचं टरफल, आत लाकडाची खुंटी, आणि मागे जिथे खीळ आपटते तिथे जुन्या चपलेच्या कातड्याचा गोल तुकडा. तो तुकडा निसटू नये म्हणून भोवती पितळी तारेचं केसाएवढं कडं. वरून पाहिलं तर अस्सल काडतूस. दोन नळ्यांत दोन घालायची, गिऱ्हाइकाने दोन्ही चाप ओढायचे, टक्, टक्, मग बंदूक बिजागरीपाशी मधून मोडून दोन्ही काढायची आणि परत डब्यात. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. कधी चूक नाही.

त्या दिवशी बागवाले आले होते. शहराच्या टोकाला त्यांची फळबाग होती. सत्तरी उलटलेली, कानाने कमी, जिभेने तिखट. बापाच्या वेळची दुनळी होती, तिचा डावा घोडा सैल झाला होता. मिस्त्रीने तो दुरुस्त केला. बागवाल्यांनी दोन्ही चाप ओढले, मान हलवली. मिस्त्रीने बंदूक मोडली, उजवीकडचं खोटं काडतूस काढलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

सासूबाई! एरवी त्यांचा फोन नळ गळला तरच यायचा.

"मिस्त्री, रविवारी सगळ्यांनी जेवायला या. जावईबापूंना बढती मिळाली. जमादार झाले! आणि येताना तुमची ती हत्यारं घेऊन या, पाहुणे येणार आहेत, दाराची कडी फार करकरते."

अरे वा! एकाच्या बढतीत दुसऱ्याने कड्या ठोकायच्या! मिस्त्रीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. "बरं," एवढंच म्हणाला, फोन ठेवला, बंदूक धाडकन बंद केली, फडक्यात गुंडाळली आणि बागवाल्यांच्या हातात दिली. हातातलं एकच काडतूस डब्यात टाकलं. डब्यात दुसरं नाही, हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही. लक्ष होतं कुठे? ते सासूबाईंच्या दाराच्या कडीला लटकलं होतं.

चौथ्या दिवशी भर दुपारी ते घडलं. बागवाल्यांचा शेजाऱ्याशी कुंपणावरून वाद होता. शेजाऱ्याने तक्रार केली, म्हातारा बंदूक दाखवतो म्हणून. नवे जमादार एका शिपायाला घेऊन गेले. दार वाजवलं, हाका मारल्या. बराच वेळ गेला. मग दार उघडलं आणि बागवाले दुनळी घेऊनच बाहेर आले. जमादार ओरडले, "खाली ठेवा!" म्हाताऱ्याला ऐकू आलं की नाही, देव जाणे. नळी वर आली. जमादारांनी एक गोळी झाडली. बागवाले उंबऱ्यातच गेले. शिपाई तेव्हा फाटकापाशी गाडी लावत होता, त्याने काहीच पाहिलं नव्हतं.

मिस्त्रीच्या दुकानाशेजारी न्हाव्याचं दुकान होतं. गावाचं न्यायालय तेच. संध्याकाळपर्यंत तिथे निकाल लागला.

"असा पोलीस पाहिजे!" न्हावी कात्री नाचवत म्हणाला. "वेडा म्हातारा. उद्या कुणाच्या पोरावर झाडली असती तर? मिस्त्री, तुमचा साडू ना तो? भाग्यवान आहात!"

भाग्यवान! रविवारचं जेवण झालं ते सत्काराचंच झालं. शेजारपाजारचे येऊन जमादारांचा हात हातात घेत होते. साडूचा चेहरा मात्र उतरलेला होता, त्याचं ताट तसंच भरलेलं होतं, पण ते बघायला सवड कुणाला? मिस्त्री स्टुलावर उभा राहून कडीत तेल सोडत होता. त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं. माणूस मारला तरी याचं कौतुक, आणि मी तीनशे बंदुका दुरुस्त केल्या, एकीनेही दगा दिला नाही, तर मला कोण विचारतो? असले विचार माणसाला शोभत नाहीत हे त्यालाही कळत होतं. पण पोटातलं दुखणं काय शोभेचं बघून उठतं?

पोलिसांनी त्याचाही जबाब घेतला. "बंदूक परत देताना रिकामी होती?" "रिकामी होती." तो खोटं बोलला नव्हता. त्याला तसंच वाटत होतं.

मग बाराव्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. मृताच्या बंदुकीत डाव्या नळीत जे काडतूस सापडलं ते बनावट निघालं होतं! दारू नाही, छर्रे नाहीत, आत लाकूड. 'निःशस्त्र वृद्धाला मारून पोलिसांनी बंदुकीत खोटं काडतूस कोंबलं?' असं मोठ्या अक्षरांत. खाली काडतुसाच्या पाठीचा मोठा केलेला फोटो. कातड्याचा तुकडा. त्याभोवती पितळी तारेचं कडं.

मिस्त्रीने डबा उघडला. आत एकच काडतूस होतं. तो बाकावर बसला तो चहा निवून साय धरेपर्यंत उठला नाही.

शेजारच्या न्यायालयात तोवर निकाल फिरला होता. "खुनी!" न्हावी म्हणत होता. तीच कात्री, तोच हात. "देवमाणसाला मारलं हो! कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, काहीतरी काळंबेरं आहे." बागवाले दोन आठवड्यांपूर्वी वेडे होते, आता देवमाणूस झाले. मिस्त्री त्यांना पंधरा वर्षं ओळखत होता. ते वेडेही नव्हते आणि देवही नव्हते. मजुरीवरून वाद घालायचे, आणि कुत्रं मेलं तेव्हा याच दुकानात बसून हुंदके देऊन रडले होते.

साडू निलंबित झाला. त्याच्या दारावर कुणीतरी डांबर फासलं. सासूबाईंनी जावईबापूंचं नाव घेणंच सोडलं. घर फिरलं की वासेही फिरतात, त्यातलीच गत. आणि पुढच्या रविवारी काय व्हावं? सासूबाईंनी खुर्ची पुसली आणि म्हणाल्या, "बसा, जावईबापू." मिस्त्रीने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

आता खरं सांगायचं तर मिस्त्रीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एक शब्द बोलायचा, की काडतूस माझं, आणि साडूवरचा खोट्या पुराव्याचा डाग गेला असता. पण तो शब्द जिभेवर आला की त्याला ती खुर्ची आठवायची. शिवाय परवाना जाईल, हीही भीती होतीच. 'उद्या सांगू,' असं म्हणत म्हणत एक महिना गेला. बायकोने एकदा विचारलं, "झोप लागत नाही का हो?" तो म्हणाला, "उकाडा आहे." खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

चौकशीच्या तीन दिवस आधी, सकाळी दुकान उघडायच्या वेळी, साडू आला. गणवेश नाही, दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं. न्हाव्याने त्याला पाहून मुद्दाम पाठ फिरवली.

"दादा, थोडा वेळ बसू इथे?"

"बसा की, जमादार," मिस्त्री म्हणाला. 'जमादार' म्हणताना पूर्वी त्याच्या आवाजात एक कुसळ असायचं. आज ते निघालं नाही.

साडू बाकाच्या टोकाला बसला. वाईसचा दांडा उगाच फिरवू लागला.

"गावात बसायला हीच एक जागा उरली बघा," तो म्हणाला. "दादा, त्या पहिल्या रविवारी सगळे मला डोक्यावर घेऊन नाचत होते. तुम्ही एकटे होतात, स्टुलावर उभे राहून कडी दुरुस्त करत होतात. एक शब्द बोलला नाहीत. आता सगळे थुंकतात, तरी तुम्ही एक शब्द बोलत नाही. मी धाकटीला म्हटलं, माणूस असावा तर दादांसारखा. उचलली जीभ लावली टाळ्याला असं नाही. आधी सगळं समजू दे, मग बोलेन. असा न्याय करणारा एकच माणूस भेटला मला."

मिस्त्रीच्या हातातून कानस खाली पडली. न्याय! ज्याच्या पोटात एकोणीस वर्षं वणवा पेटलेला, त्याला हा न्यायी म्हणत होता, आणि तेही मनापासून.

"त्यांनी चाप ओढला होता?" मिस्त्रीने कसंबसं विचारलं.

"ओढला होता. मी टक् असा आवाज ऐकला. जबाबातही तेच दिलंय." साडू हे भराभरा म्हणाला आणि खाली बघू लागला. "पण काडतूस मी घातलं नाही, दादा. माझ्या लेकीची शपथ."

"मला माहीत आहे," मिस्त्री म्हणाला. तो पुढे सांगणारच होता, पण साडूने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. त्या रडण्यात मिस्त्रीचं वाक्य राहून गेलं. किंवा त्याने राहू दिलं.

चौकशी एका शाळेच्या सभागृहात होती. पुढे टेबलामागे एक निवृत्त न्यायाधीशबाई, बाजूला टंकलेखक. पहिल्या रांगेत बागवाल्यांची मुलगी, दूरच्या गावाहून आलेली. दुसऱ्या रांगेत सासूबाई, धाकटी, मिस्त्रीची बायको. मागे सगळं गाव. न्हावी तर दुकान बंद करून आला होता.

मिस्त्रीला फक्त दुरुस्तीच्या पावतीपुरतं बोलावलं होतं. त्याने खिशातून डबा काढला आणि दुसरं काडतूस टेबलावर ठेवलं.

"बाई, बंदुकीत सापडलं ते याचं जोडीदार आहे. मी बनवलं. मीच विसरलो."

सभागृहात गलका झाला. बाईंनी टेबलावर हात आपटला. दोन्ही काडतुसं शेजारी ठेवली, भिंग घेऊन पितळी तारेची दोन्ही कडी पाहिली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"फोटो आला त्या दिवशी."

"म्हणजे पाच आठवडे झाले. एका माणसावर खोट्या पुराव्याचा आळ आहे, आणि तुम्ही गप्प बसलात. का? परवान्याच्या भीतीने?"

आता इथे 'हो' म्हटलं असतं तर सुटला असता. भीतीला लोक माफ करतात. मिस्त्रीने एकदा सासूबाईंकडे पाहिलं, एकदा साडूकडे.

"थोडी भीतीही होती. पण खरं म्हणजे मी जळत होतो, बाई. याच्यावर. एकोणीस वर्षं. याचं वाईट झालं आणि मला बरं वाटलं. काडतूस विसरलो तेसुद्धा याची बढती ऐकून डोकं फिरलं म्हणून."

टंकलेखकाचे हात थांबले. "काय लिहू?" त्याने विचारलं.

"जे म्हणाले तेच लिहा," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीच्या बायकोने तोंडाला पदर लावला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. साडू मात्र त्याच्याकडे बघतच राहिला. भर रस्त्यात थोबाडीत बसावी तसा त्याचा चेहरा झाला होता.

साडूचा वकील हुशार. लगेच उठला. "म्हणजे काडतूस आधीपासून नळीत होतं. या कातड्यावर खिळीचा घाव स्पष्ट दिसतो. याचा अर्थ मृताने चाप ओढला होता, बरोबर?"

झालं! हाच तो क्षण. मिस्त्रीने नुसती मान हलवली असती तर साडू मोकळा होता, आणि एकोणीस वर्षांचं प्रायश्चित्तही होऊन गेलं असतं. सासूबाई पुढे झुकल्या होत्या. धाकटीने हात जोडले होते. पहिल्या रांगेतली मुलगी डोळे मिटून बसली होती.

"सांगता येणार नाही," मिस्त्री म्हणाला. "या कातड्यावर दोन वर्षांचे घाव आहेत. माझ्या दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक. त्या दुपारचा त्यात आहे की नाही, हे मी काय, कुणीच सांगू शकणार नाही."

"म्हणजे ओढला नव्हता?" बागवाल्यांच्या मुलीने बसल्या जागेवरून विचारलं.

"तेही सांगता येणार नाही, ताई."

दोन्हीकडचे लोक त्याच्यावर उखडले. धाकटी तर ताडकन उभीच राहिली. "भाऊजी! आता तरी पुरे करा! अजून जळताच आहात!"

आयुष्यात पहिल्यांदाच मिस्त्री मनात काही न ठेवता बोलला होता आणि नेमकं तेच कुणाला पटत नव्हतं. पटणार तरी कसं? जळत होतो, हे त्यानेच आत्ता सरकारी कागदावर लिहून दिलं होतं. त्याने मान खाली घातली.

"तो खरं बोलतोय," मागून आवाज आला. साडू उभा राहिला होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'दादा' ऐवजी 'तो' निघालं होतं. वकील त्याची बाही ओढत होता, त्याने ती सोडवून घेतली. "बाई, माझा जबाब बदलायचा आहे. मी म्हटलं होतं की मी चापाचा आवाज ऐकला. मी ऐकला नाही. म्हणजे ऐकला की नाही, मला माहीत नाही. नळी वर आली आणि मी घाबरलो. फार घाबरलो. आवाजाचं मागाहून सुचलं. मग इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं."

वकील डोकं धरून खाली बसला. बागवाल्यांच्या मुलीने डोळे उघडले आणि पहिल्यांदा नीट त्या माणसाकडे पाहिलं. मग ती रडली, पण तिच्या चेहऱ्यावरचा कडकपणा थोडा उतरला होता. न्हाव्याने शेजाऱ्याकडे पाहिलं, शेजाऱ्याने त्याच्याकडे. कुणाला कुठला निकाल द्यावा ते कळत नव्हतं, आणि बाई शांतपणे म्हणाल्या, "बसा. सावकाश, पहिल्यापासून सांगा."

मिस्त्री साक्षीदाराच्या खुर्चीत बसून ऐकत होता. त्याच्या स्वतःच्या कबुलीत गेला असता तर एक परवाना गेला असता. याच्या कबुलीत नोकरी जाणार होती, कदाचित तुरुंगही होता, आणि तरीही हा सरळ उभा राहून एकेक शब्द नीट बोलत होता.

आणि इतकं सगळं झाल्यावर, मिस्त्रीच्या पोटात पुन्हा तेच दुखलं. 'अरेच्चा,' तो मनाशी म्हणाला, 'इथेही हा माझ्या पुढे गेला!'